दोन भोवऱ्यांचं डोकं

मारेगाव,
सोमवार, दुपार

प्रिय ममता,

दिपाली चार दिवसांच्या रजेवर घरी येते आहे, तिच्या हाती हिरव्या चहाचा डबा पाठवते आहे. पुड्यांच्या खाली, डब्याच्या तळाशी हे पत्र आहे. तिला सांगितलंय की डबा आईच्या केसांसाठी आहे, आईनंच उघडायचा. भावसिंग भाऊजी वावरात गेले, घरात कोणी नसलं, की मग वाच. पंचवीस वर्षांनी लिहिते आहे आणि सुरुवातच अशी लपवाछपवीची, म्हणून घाबरशील. घाबरू नको. मी भांडायला लिहीत नाही. भांडायचं असतं तर मुकुटबनला एसटीनं किती वेळ लागतो?

तुला ठाऊक नसेल, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं पार्लर आहे. पुढच्या खोलीत पार्लर, मागं आम्ही तिघं: मी, माझा लेक राजदीप आणि सासूबाई. हो, मोतीबाई अजून आहेत. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, पण दारात कोण आलं ते पावलांवरून सांगतात. आताशा पोरी भुवया करायला कमी आणि केस गळतात म्हणून जास्त येतात. बोअरचं खारं पाणी, जागरणं, काळजी, कशानंही गळतात. कोरोनाच्या नंतर मी हिरव्या चहाच्या पाण्यानं डोकं धुऊन द्यायला लागले. पहिल्यांदा बाया हसल्या. ‘चहा प्याचा सोडून डोक्स्यावर कायले ओतता ताई?’ पण गुण आला. पाणी उकळलं की खाली उतरवायचं, जरा निवलं की चार पुड्या सोडायच्या, आणि पुरतं गार झाल्यावर धुतलेल्या केसांच्या मुळाशी थोडं थोडं सोडत बोटांच्या पेरांनी चोळायचं. वीस मिनिटांनी साध्या पाण्यानं काढायचं. खाज थांबते, कोंडा बसतो, डोकं हलकं होतं. टकलावर केस उगवत नाहीत, ते मी आधीच सांगून टाकते. हे सगळं तुला सांगते आहे कारण तुझी लेक माझ्याकडे याच पाण्यासाठी आली.

दिवाळीनंतरचा रविवार होता. दुपारचे दोन. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. एक उंच, सावळी पोरगी उंबऱ्यावर येऊन थांबली आणि आत न येता भिंतींकडे पाहत राहिली. मी म्हटलं, ये ना आत. तर म्हणाली, ‘इथं मी आधी आलीय का हो कधी? पाह्यल्यासारखं वाटून राह्यलं.’ पंचायत समितीत कॉम्प्युटरवर लागली आहे, खोली करून राहते, मे महिन्यात लग्न आहे आणि केस मुठीमुठीनं हातात येतात, असं सगळं तिनं एका दमात सांगितलं. वहीत नाव लिहिलं: दिपाली भावसिंग, मुकुटबन. माझा हात थांबला. आईचं नाव विचारलं. ममता, म्हणाली.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! आपण दोघी मारेगावात भिंतीला भिंत लावून राहायचो, भाऊजी जिनिंगमध्ये जायचे, माझा इंद्रजीत त्याच्या दुकानात, आणि आपण दोघी एकाच चुलीवर भाकरी करायचो. तुझ्या लग्नाला पाच वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता आणि तांड्यातल्या बाया तुला काय काय बोलायच्या, ते मी ऐकलेलं आहे. त्याच ममताची ही लेक! तोंडापर्यंत आलं होतं, की अगं मी तुझी जयामावशी. पण तिच्या चेहऱ्यावर माझ्या नावाची काही ओळखच नव्हती. बाहेर एवढी मोठी पाटी आहे, जया ब्युटी पार्लर. मला कळलं, तू माझं नाव तिच्यापुढे कधी काढलंच नाहीस. म्हणून मीही गप्प बसले.

डोकं धुताना गिऱ्हाईक मान मागं टाकून पडतं आणि आपण त्याच्या डोक्याशी उभे असतो. चेहरा उलटा दिसतो. उलट्या चेहऱ्याला वय राहत नाही, बाई की पुरुष तेही कळेनासं होतं, नुसतं हाड दिसतं. मला इतक्या वर्षांत त्याचं काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी तिच्या केसांवर पाणी सोडलं, तिनं डोळे मिटले, आणि माझ्या हातातला मग खाली पडला. इंद्रजीत पडला होता तिथं. संसाराच्या पंधरा वर्षांत तो रोज असाच माझ्या मांडीवर डोकं टाकून पडायचा आणि मी त्याला असाच उलटा पाहायची. तेच कपाळ, नाकाचं तेच हाड, मिटलेल्या पापणीखाली बुबुळाची तीच हालचाल. इंद्रजीतला जाऊन चौदा वर्षं झाली आहेत, ममता.

मग सरळ होऊन पाहिलं तर दिपालीच होती. ‘काय झालं काकू?’ मी म्हटलं, हात ओला आहे, सटकला. गार चहा घेतला आणि चोळायला लागले. बोटांना डोळे नसतात म्हणतात, पण माझ्या बोटांनी आजवर हजारो डोकी पाहिली आहेत. या डोक्यावर दोन भोवरे. उजवा सरळ फिरतो, डावा उलटा, आणि मधे चिमटीएवढी जागा, तिथले केस कुठल्याच बाजूला बसत नाहीत. दोन भोवरे पुष्कळांना असतात, असं मी मनाशी म्हणत होते, तेवढ्यात माझं बोट उजव्या कानामागं गेलं आणि हरभऱ्याएवढ्या एका खळीत बसलं. मी ती खळी शोधली नव्हती. बोट आपोआप गेलं, जसं अंधारात आपल्या घरातल्या बटणावर जातं. तिथं दाबलं की इंद्रजीत एक लांब श्वास सोडायचा. मी दाबलं. दिपालीनं तसाच श्वास सोडला.

ती गेल्यावर मी पार्लर बंद केलं. जाळीत अडकलेले तिचे केस मी रोजच्यासारखे फेकले नाहीत, कागदात गुंडाळून ठेवले. कशासाठी, ते तेव्हाही मला सांगता आलं नसतं. ओल्या चहाचा गवतासारखा वास संध्याकाळपर्यंत खोलीत होता. मागच्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, ‘कोण आलतं वं?’ मी सांगितलं, गिऱ्हाईक. त्या म्हणाल्या, ‘पाय ओळखीचे वाटले.’

ती दर रविवारी यायला लागली. मला ती यावी असं वाटायचं, आणि दोन वाजत आले की न आली तर बरं, असंही वाटायचं. डिसेंबरातल्या एका रविवारी लाईट गेली. पंखा थांबला, रस्त्यावरचा रसवंतीचा घुंगरूही थांबला. मी चोळत होते आणि तिला झोप लागली होती. एका जागी माझे हात थांबले असतील, तर ती झोपेतच म्हणाली, ‘मास्तरीण, थांबू नको.’

आवाज तिचाच होता, पोरीचा, बारीक. पण शब्द? लग्नानंतर मी इंद्रजीतचे दुकानाचे अर्ज भरून द्यायची आणि त्याच्या चुका काढायची, म्हणून तो मला मास्तरीण म्हणायचा. माणसांत कधीच नाही. सासूबाईंपुढेही नाही. फक्त डोकं माझ्या मांडीवर असताना. मी पुन्हा चोळायला लागले. ती जागी झाली आणि हसत म्हणाली, ‘मी काही बोलली का काकू? माझी आई म्हणते मी झोपेत लई बडबडते.’ मी मनाला समजावलं, की हा शब्द ममताला माहीत असेल, कधी तिच्या तोंडून पोरीच्या कानावर पडला असेल. तो शब्द तुला कसा माहीत असेल, हे मात्र मी स्वतःला विचारलं नाही. दोन आठवडे विचारलं नाही.

मग संक्रांतीच्या आधीचा रविवार. दिपाली तिळाचे लाडू घेऊन आली होती. डोकं धुऊन झालं, केस ओलेच होते, आणि म्हातारी घरात आहे म्हणून ती मागं जाऊन पाया पडली. सासूबाईंनी आशीर्वादाला हात ठेवला. तो हात डोक्यावरून हलला नाही. दोन्ही भोवऱ्यांवरून फिरला, मधल्या जागेवर थांबला, कानामागं उतरला. मी दारात उभी राहून पाहत होते. सासूबाईंच्या कोरड्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्या म्हणाल्या, ‘इंद्रा! केव्हा आला रे? जेवला का?’ दिपाली हसली. म्हातारं माणूस, चुकलं असेल, असं तिला वाटलं. तिनं त्यांचे दोन्ही हात धरून सांगितलं, ‘जेवली आजी, जेवली.’ त्या दिवसापासून सासूबाई रोज सकाळी विचारतात, इंद्रा उठला का. मी सांगते, बाहेर गेलाय.

आता मी तुला एक गोष्ट सांगते. ती मी कोणालाच सांगितलेली नाही. दिपालीच्या जन्माच्या आदल्या वर्षी मी यवतमाळला सहा महिने पार्लरचा कोर्स करत होते. रविवारी यायची, सोमवारी पहाटे जायची. इंद्रजीतचा डबा तू करत होतीस. बाकीचे म्हणायचे, अशी शेजारीण नशिबानं मिळते. मीही म्हणायची. एका रविवारी मी घरी आले आणि त्यानं नेहमीसारखं डोकं मांडीवर टाकलं. केसांना तेल होतं. त्याला स्वतःच्या हातानं तेल लावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, बाटली हातात धरायचा कंटाळा. आणि तेलाला मेथीचा वास होता. मेथी टाकून तेल उकळणारी त्या चाळीत तू एकटी. मी उठले. हात धुतले आणि स्वयंपाकाला लागले. पुढं महिनाभरात तुम्ही सामान बांधून मुकुटबनला गेलात, भाऊजींनी शेती करायची ठरवली म्हणून. जाताना तू माझ्या गळ्यात पडून इतकी रडलीस की सगळी चाळ रडली. मग तुझ्या बाळंतपणाची बातमी आली आणि मी टोपडं शिवून पाठवलं. तू पोचल्याचंही कळवलं नाहीस. इंद्रजीतच्या मातीला तू आली नाहीस तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, ममताला निरोपच मिळाला नसेल. निरोप मीच पाठवला होता.

मला राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. संक्रांतीनंतर महिनाभर मी दिपालीला पार्लर बंद आहे असं सांगितलं. कागदातले केस चुलीत घातले. आरशात स्वतःकडे पाहायची नाही, कारण वाटायचं, मागं कोणी तरी उभं आहे आणि ते हसतंय. इंद्रजीतवर जास्त राग होता, पण तो तर मरून सुटला. तुझ्यावरही होता. पण एक गोष्ट माझ्याच्यानं होईना. त्या पोरीवर राग धरता येईना. ती येऊन बंद दार पाहून जायची आणि मी आतून तिची पावलं ऐकायची. सासूबाई म्हणायच्या, ‘दार काहून नाही उघडत त्याले?’

मागच्या पंधरवड्यात उघडलं. दिपाली वाळली होती. केस आता कमी गळतात, म्हणाली, पण दम लागतो. लग्नाच्या धावपळीनं असेल. मी डोकं धुतलं, टॉवेल बांधला आणि ती खुर्चीवरून उठून आरशाकडे दोन पावलं चालली. मधेच थांबली. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता, त्यातलं रक्त उतरत गेलेलं मी पाहिलं, ओठ राखेसारखे झाले, आणि आवाज न करता ती खाली आली. मी डोकं धरलं म्हणून फरशीवर आपटलं नाही. अर्धं मिनिट गेलं असेल. माझ्या दोन तळव्यांत ते डोकं आणि मी नाव घेत होते, आणि ममता, मी दिपालीचं नाव घेत नव्हते. डोळे उघडून ती म्हणाली, ‘होते असं कधी कधी. जिना चढताना दोनदा झालं. आईले नका सांगू, ती लग्न पुढं ढकलन.’ इथल्या डॉक्टरनं बीपी पाहिलं, अशक्तपणा आहे म्हणून साखर-मिठाचं पाणी प्यायला सांगितलं.

अशक्तपणा इंद्रजीतलाही होता. तीन वेळा तो असाच पडला, दोनदा दुकानात आणि एकदा पोळ्याच्या दिवशी, आणि तिन्ही वेळा उठून हसला. चौथ्यांदा बस स्टँडच्या पायरीवर बसला तो उठलाच नाही. एकोणचाळीस वर्षांचा होता. त्याचा बाप पूनमसिंग छत्तिसाव्या वर्षी वखर हाकताना गेला. तांड्यात म्हणायचे, या घराला काही तरी लागलेलं आहे, ते कर्ता पुरुष घेऊन जाते. सासूबाईंनी नवस केले, बोकड दिले. मीही भीत होते, राजदीपचं वय मोजत होते. मग तो पोलीस भरतीच्या मैदानावर धावता धावता कोसळला. मी त्याला नागपूरला नेलं आणि तिथं कळलं की जे लागलं आहे ते रक्तातून येतं. हृदयाचा स्नायू जाड होत जातो. वरून माणूस धडधाकट दिसतो, आणि एका दिवशी पायरीवर बसतो. माझा राजदीप आज जिवंत आहे, कारण तो मैदानात पडला आणि तिथं डॉक्टर उभा होता. त्याच्या छातीत आता, ठोका चुकला की झटका देणारी एक छोटी डबी बसवली आहे, रोजच्या गोळ्या आहेत, आणि डॉक्टर म्हणतात तो म्हातारा होईल.

आता मी हे का लिहिते आहे ते सांगते. तेव्हा त्या डॉक्टरांनी मला समोर बसवून विचारलं होतं, याला भाऊ-बहीण किती? असतील तर उद्याच आणा, लक्षण असो नसो. मी म्हटलं, एकटाच आहे. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. ममता, येत्या गुरुवारी मी दिपालीचं नाव नोंदवलं आहे. हृदयाची सोनोग्राफी करतात, दुखत नाही, तासाभराचं काम आहे. भाऊजींना सांग, केस गळतात म्हणून जया तिला नागपूरच्या चांगल्या डॉक्टरला दाखवते आहे. दिपालीलाही तेच सांग. तिचे बाबा भावसिंगच आहेत, लहानपणी सायकलवर पुढं बसवून शाळेत नेणारे, ती त्यांचं किती सांगते मला. त्यात मला काही बदलायचं नाही आणि बदलणार नाही. घराण्यात कोणाला हा आजार होता का, असं तिथं विचारतील, तेव्हा तू पोरीला घेऊन बाहेर बस, आत मी बोलेन. माझा अंदाज चुकला असेल तर मला शिव्या घाल, मी आनंदानं ऐकीन. बरोबर असेल तरी तू मला कबुली देऊ नको, माफी मागू नको, ते सगळं राहू दे. पोरगी वाचली तर आपल्याकडे वेळच वेळ आहे. बुधवारी संध्याकाळी तिला घेऊन माझ्याकडे ये. तोवर तिला पळू देऊ नको, पाण्याचे हंडे उचलू देऊ नको, आणि अंघोळीला गेली तर दाराला आतून कडी लावू देऊ नको.

वाट पाहणारी, अजूनही तुझीच,
जया